अली बिन सईदचा पत्ता

११ जाने. ६७, देरा

बाबांचं पत्र आलं. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, बोलणं बाबांचं. खोकला कमी आहे, बकरी व्याली, छपराचे नळे बदलले. शेवटी दर वेळेसारखं – माझ्या बापाचा काही पत्ता? बुडाला की विसरला, एवढंच कळव.

दीड वर्ष झालं इथे, अरबांच्या किनाऱ्यावर. तिसरं काम चालू आहे. लतीफचं बूड एका जागी टेकत नाही, असं खोलीतले सगळे म्हणतात. टेकणार कुठे?

१३ जाने.

शुक्रवार. धक्क्यावर हाजीचाचांच्या चहाच्या टपरीवर बसलो. ते श्रीवर्धनचे, वीस वर्षं इथे, येणारा-जाणारा प्रत्येक नाखवा त्यांना ओळखतो. आज त्यांना सगळं सांगून टाकलं. आजा गलबतावर खलाशी होता. आगोटीला, पाऊस लागायच्या आत, गलबत आमच्या खाडीत ओढलं, चार महिने माणसं अडकली, त्यात दादीशी निकाह झाला. तीन पावसाळे आला-गेला. चौथ्या वेळी बाबा पोटात असताना गेला तो गेलाच. दादी मरेपर्यंत गळ्यात काळी पोत घालून होती. कोणी बेवा म्हटलं तर भांडायची. बाबांनी बापासाठी आजवर फातिहा वाचलेली नाही. मेला हेच माहीत नाही तर वाचायची कशी.

चाचा म्हणाले, नाव काय? अली बिन सईद. ते इतके हसले की चहा सांडला.

"बाळा, या धक्क्यावर खडा मार, दोन अली बिन सईदांना लागून तिसऱ्यावर पडेल."

गाव मस्कत, मी म्हटलं, आमचं आडनावच मस्कती. तर म्हणतात, आपल्या किनाऱ्यावर कुठलाही अरब उतरला की तो मस्कतीच. त्यावर जाऊ नकोस. म्हणजे दीड वर्ष मी फुकट मस्कतवाल्यांच्या मागे...

मग विचारलं, जमिनीवर असताना आजा काय करायचा? वाडीला पाणी लावायचा. पाटाच्या पाण्याची पाळी आमच्याच घरात सावलीवर मोजतात. उन्हात उभं राहायचं, आपली सावली आपल्या पावलांनी मोजायची, ठरलेली पावलं भरली की पाणी पुढच्याला. त्यानेच शिकवलं म्हणतात. गाव हसतं आम्हाला. चाचा हसले नाहीत. म्हणाले, हे दर्यावरच्यांचं काम नाही, डोंगराकडच्यांचं आहे. फुजैराच्या मागे अशी गावं आहेत.

२ फेब्रु.

काम सोडलं. मुकादम म्हणाला, खलास, परत तोंड दाखवू नकोस. पाण्याची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या कॅम्पात लागलो, भांडी आणि सामान उचलणं. कॅम्प फुजैराकडे जाणार आहे. चाचांनी सुक्या बांगड्याची पुडी बांधून दिली.

९ फेब्रु., कॅम्प

रस्ता असा नाहीच. नदीच्या कोरड्या पात्रातून जीप चालते. ड्रायव्हर युसुफ, बलोच, अरबी पाण्यासारखं बोलतो, माझ्याशी हिंदीत. तो गोऱ्या साहेबाबरोबर पाटांची मोजमापं घ्यायला जातो तेव्हा मीही जातो. प्रत्येक गावात विचारतो. हिंदला गेलेला अली बिन सईद? मान हलवतात. मग खजूर पुढे करतात.

सुका बांगडा भाजला तर साहेब तंबूबाहेर पळाला. मला रडूच आलं, वासाने.

२० फेब्रु.

आज पाहिलं. पाचवं की सहावं गाव, मागे उघडा डोंगर, खाली खजुरीची बाग. पाटाच्या तोंडाशी एक म्हातारा लुंगी किंचित वर धरून स्वतःच्या सावलीवर चालत होता. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. ओठ हलत होते. मग वाकून दगड सरकवला आणि पाणी दुसरीकडे वळलं. आमचे बाबा. हुबेहूब आमचे बाबा, फक्त दाढी लांब.

मी युसुफला पुढे ढकललं. युसुफने विचारलं. म्हातारा, सालेम नाव त्याचं, म्हणाला, असा कोणी नाही इथे. फार पटकन म्हणाला.

२१ फेब्रु.

युसुफ संध्याकाळी गावात कॉफी पिऊन सगळं काढून आला. अली हा सालेमचा चुलता. हिंदहून परत आला, इथेच राहिला, इथेच मेला. बुडाला नाही.

बुडाला नाही.

त्याला इथे चार मुली, मुलगा नाही. मुलगा नाही म्हणून त्याच्या पाण्याच्या पाळीतला हिस्सा भावाकडे, म्हणजे सालेमच्या बापाकडे गेला. युसुफ म्हणतो, "तू खरा निघालास तर ते पाणी तुझ्या बापाचं. मग म्हातारा तुला मिठी मारेल का?"

जेवलो नाही.

२३ फेब्रु.

एकटाच गेलो. मोडक्या अरबीत सांगितलं, पाणी नको. फक्त माणूस सांगा. सालेमने मला बसवलं, कॉफी दिली. मग म्हणाला,

"आज तू नको म्हणतोस. उद्या तुझा मुलगा मागेल."

खोटं नाही बोलला. बाग बघितली तेव्हा माझ्या मनात आलंच होतं की इथे राहावं. दगड सरकवावा. कोणी विचारलं तर सांगावं, इथलाच.

२६ फेब्रु.

चारांतली एक मुलगी हयात आहे, मौजा. बाबांची बहीण, माझी फुफी. तिने निरोप पाठवला. सालेमला आवडलं नाही, पण तोच घेऊन गेला आणि दारात बसून राहिला. युसुफ बाहेरून दोन्हीकडचं सांगत होता.

बुरख्यातून नुसते डोळे दिसत होते. हात माझ्या हातावर ठेवला, खरखरीत. दादी कशी होती विचारलं. मी सांगितलं, पोतीचं सुद्धा. मग विचारलं, तुझ्या बापाचं नाव काय?

सईद, म्हटलं. आजा जाताना सांगून गेला होता, मुलगा झाला तर सईद ठेवा.

दारात सालेमने मान खाली घातली. फुफी हळू बोलत होती, युसुफला दोनदा विचारावं लागलं. इकडे माणसाला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप म्हणून. आजा परत आला तेव्हापासून स्वतःला अबू सईद म्हणवून घ्यायचा. सईदचा बाप. घरात चार मुली. गावाला वाटायचं, आपल्या बापाचं नाव मुलाला द्यायची आस आहे बिचाऱ्याला. अली बिन सईद म्हणून त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

"आम्ही बहिणी चिडायचो," फुफी म्हणाली. "कुठे आहे तो सईद, दाखव, म्हणायचो. तो हसायचा."

मी विचारलं, मग आला का नाही परत? ती म्हणाली, मोसम आला की किनाऱ्यापर्यंत जायचा. आमची आई सुद्धा म्हणायची, जाऊन ये. दोन दिवसांनी परत घरी. का, ते मुलीने बापाला विचारायचं नसतं.

निघताना म्हणाली, "माझ्या भावाला ये म्हणावं. पाण्यासाठी नाही. बसायला ये."

सालेम जीपपर्यंत आला. खजुराची टोपली आत ठेवली.

३ मार्च

कबरीवर गेलो. इकडे कबरीवर नाव नसतं, डोक्याशी एक दगड, पायाशी एक. सालेमने बोरीच्या झाडापासून मोजून दाखवली, सातवी. मी हात उचलले आणि खाली घेतले. पहिली फातिहा बाबांनी वाचायची. मी कोण आधी वाचणारा?

७ मार्च

कॅम्प उद्या हलणार. साहेब म्हणतो पुढचं काम अल ऐनकडे, येतोस का. इन्शाल्ला म्हटलं. पहिल्यांदाच कुठे जायची घाई नाही.

पत्र लिहायला घेतोय चार दिवस. विसरला, असं लिहिलं तर ते खोटं. विसरला नाही, असं लिहिलं तर? मास्तर ते पडवीत बसून मोठ्याने वाचणार, शेजारची चार माणसं येऊन उभी राहणार. आणि बाबा त्या सगळ्यांसमोर विचारणार, मग आला का नाही? विसरला असता तर बाबा शिवी देऊन मोकळे झाले असते. रोज नाव घेऊन आला नाही, याला काय द्यायचं. पंचावन्न वर्षं एका प्रश्नावर बसलेला माणूस, त्याच्या हातात मी दुसरा देऊ?

आणि नाही कळवलं तर फातिहा तशीच राहिली.

युसुफ सकाळी देऱ्याला जातोय. यल्ला, पत्र दे, टाकतो म्हणून दोनदा हाक मारून गेला.

बाबांस सलाम. पत्ता लागला.

एवढं लिहून झालंय.