निवळलेलं तेल

बाबुजी,

डिझेलच्या इंजिनात कुठलं तेल घालावं, एवढी एक गोष्ट तुम्हाला मरेपर्यंत कळली नाही. न कळणं हा काही गुन्हा नव्हे. त्या काळी आपल्या सगळ्या सौंसर गावात ते कुणालाच कळत नव्हतं. पण बाकीच्यांना आपल्याला कळत नाही एवढं तरी कळत होतं, तुम्हाला तेही नाही. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसं बाजारात शोधावी लागतात. मी स्वतः शाळेतून निवृत्त होऊन बसले आहे, माझ्या पोरानं पांढुर्ण्याकडे संत्र्याची बाग केली आहे, मालाची ने-आण करायला त्याच्याकडे डिझेलवर चालणारी पिकअप आहे. सगळं ठीक चाललं आहे. तरी तुमचा राग यायला मला कारण लागत नाही. चहा गाळताना येतो, वेणी घालताना येतो, आणि आला की थोडा वेळ थांबूनच जातो.

तेल हा तुमचा अभिमान होता. गोड्या तेलाचं दुकान, शेंगदाणा, तीळ, जवस. गिऱ्हाइकासमोर तळहातावर थेंब घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, उन्हाकडे धरायचा, नाकाशी न्यायचा, शेवटी जिभेच्या टोकाला लावायचा आणि न्यायाधीशासारखं डोकं हलवायचं, हे सगळं तुम्ही इतक्या थाटात करायचात की माणूस तेल घ्यायला आला आहे की तुमचं दर्शन घ्यायला, असा प्रश्न पडावा. गढूळ तेल आलं की डबा मागच्या खोलीत निवळायला ठेवायचा. चार-आठ दिवसांत गाळ खाली बसला की वरचं सोनेरी तेल हलक्या हातानं काढून घ्यायचं. ते तुम्हाला उत्तम जमायचं, हे मी नाकारत नाही. पण जे शेंगदाण्याला लागू ते जगातल्या यच्चयावत तेलांना लागू, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

तुम्ही डिझेलचा छोटा ट्रक घेतलात तेव्हाची दुपार मला अजून दिसते. नागपूरच्या विक्रेत्याचा माणूस स्वतः गाडी घेऊन आला आहे. अंगणात बाजेवर बसला आहे, मी चहाची कपबशी घेऊन उभी आहे. तो सांगतो आहे की डिझेलच्या इंजिनात काजळी फार होते, म्हणून त्याचं तेल वेगळं असतं. ते तेल काजळी धरून ठेवतं, तिला इंजिनात चिकटू देत नाही, त्यामुळे दोन दिवसांत काळंभोर होतं. घाबरायचं नाही, काळं होणं हेच त्याचं काम. ठरलेल्या मैलांनंतर काढून फेकायचं आणि नवं घालायचं. इतकं साधं बोलला तो, मला चहा देता देता समजलं. तुम्ही त्याच्या डब्यात बोट बुडवलंत, चोळलंत, वास घेतलात आणि त्याच्यादेखत जिभेला लावलंत. तो बिचारा बघतच राहिला. मग तुम्ही थुंकलात आणि म्हणालात, "तेलात आमची हयात गेली भाऊ. तू मले तेल शिकवून राहिला?"

तो गेल्यावर तुमची परीक्षा सुरू झाली. ट्रक दोन-तीन खेपा करून आला तसं तुम्ही इंजिनातलं काळं तेल काचेच्या बरणीत काढलंत आणि ती बरणी आणून ठेवलीत कुठं, तर आईच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीशेजारी, कारण तिथं उजेड चांगला येतो. आई म्हणाली, "हे घाण इथं कायले आणलं? सोवळ्याओवळ्याचं काही हाये का नाही?" तुम्ही म्हणालात, "हात नको लावू. निवळू दे." आणि रोज सकाळी आंघोळ झाली की देवाच्या आधी तुम्ही त्या बरणीसमोर जाऊन उभे. ते तेल काही निवळेना. निवळणार कसं? काजळी खाली बसू द्यायची नाही यासाठीच तर ते केलेलं. पण तुमचा निकाल झाला. "भेसळ हाये यात. चांगलं तेल असतं तर निवळलं नसतं काय?" मग तुम्ही जुन्या पेट्रोलच्या मोटारींत घालायचं साधं तेल आणलंत. ते वापरून काढलं, बरणीत भरलं, आणि खाली गाळ बसून वर तांबूस तेल दिसू लागलं, तसा तुमचा चेहरा असा खुलला जणू त्या बरणीत साक्षात लक्ष्मी उभी राहिली. तेच तेल तुम्ही मलमलीच्या फडक्यातून गाळून पुन्हा इंजिनात ओतायला लागलात. गावभर सांगत सुटलात की नागपूरवाल्यांनी फसवायचा प्रयत्न केला, पण माणूस भेटला तेलातला.

मी एकदा बोलले होते. "बाबुजी, तो माणूस तर म्हणत होता काळं होतेच म्हणून." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मॅट्रिक झाली म्हणून तेलातलं कळते काय तुले? जाय, भाकरी टाक." ट्रकवर ठेवलेला मोहगावचा ड्रायव्हर बाजूला उभा होता. तो हसला. त्याला पगार गाडी चालवायचा मिळत होता की "हाव शेठजी" म्हणायचा, हे मला कधी समजलं नाही. गाडी धूर जास्त टाकते, चढावर दम खाते, हे तो तुम्हाला सांगायचा, आणि तुम्ही नवी गाडी अशीच असते म्हटलं की "हाव शेठजी, अशीच असते" म्हणायचा.

त्याच वर्षी राज्यांची फेरमांडणी होऊन राहिली होती. चावडीवर, दुकानात, देवळात, सगळीकडे एकच चर्चा, आपण कुठं जाणार. तिथंही तुमचा निकाल तयार. "नागपूर काय पाय फुटून चाललं? आपण नागपूरचेच." मला नागपूरच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती. आपल्या घरातली पहिली पोरगी, आणि घरातलीच नव्हे, आपल्या गल्लीतली पहिली. सांगितलेल्या दिवशी दुपारपर्यंत स्वतः हजर व्हायचं, नाही तर जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या मुलीला. पत्रातलं हे तुम्हाला मी वाचून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी नागपूर दुसऱ्या राज्यात असेल तर आपल्याकडच्या पोरींना कोण विचारणार, हेही आईनं बोलून दाखवलं होतं. तिला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण एवढं तिला दिसत होतं. तिनं सांगितलं, पोरीला पहाटेच्या रेल्वेनं पाठवा. तुम्ही म्हणालात, "घरची गाडी असून माझी पोरगी रेल्वेच्या डब्यात उभी राहून जाईल काय?"

घरची गाडी. मग तिला रिकामं कसं न्यायचं, म्हणून सकाळी तेलाचे डबे भरले. मग शुभ कामाला निघायचं तर मारुतीचं दर्शन झालं पाहिजे, म्हणून नागपूर एकीकडे आणि आपण दुसरीकडे जामसांवलीला. मी ट्रंक पायाशी घेऊन समोर बसलेली, तुम्ही नारळ फोडून, प्रसाद वाटून, ओळखीच्या प्रत्येकाला पोरगी मास्तरीण व्हायला चालली म्हणून सांगून, आरामात परत. ज्या पोरीला भाकरी टाकायला धाडत होता तिच्या मास्तरकीची फुशारकी मारताना तुम्हाला काहीच वाटलं नाही. परत सौंसरवरून जाताना ऊन चांगलं चढलं होतं. लोधीखेड्याच्या पुढे इंजिनातून ठोके यायला लागले, लोखंडावर लोखंड आपटावं तसे. तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला. ड्रायव्हरनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उतरलात, झाकण उघडलंत, वास घेतलात आणि म्हणालात की तेल कमी पडलं. गाडीचं जास्तीचं तेल तुम्ही आणलंच नव्हतं. मग तुम्ही काय केलंत ते मी कुणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. मागचा एक डबा फोडलात आणि शेंगदाण्याचं तेल इंजिनात ओतलंत. "शुद्ध हाये, पहिल्या घाण्याचं. कंपनीच्या तेलापेक्षा चांगलं." गाडी कशीबशी सुरू झाली, थोडी सरकली, सगळ्या रस्त्यावर भजी तळल्याचा वास सुटला, आणि मग एक कच्चकन आवाज होऊन इंजिन कायमचं थांबलं.

इथपर्यंत मी हसू शकते. पुढचं मला हसून सांगता येत नाही. मागून नागपूरला जाणारी सर्व्हिस मोटार आली. तिच्यात जागा होती. तिच्या ड्रायव्हरनं आपण होऊन वेग कमी केला, कंडक्टरनं दारातून विचारलं, "येऊन राहिले काय कोणी?" मी ट्रंक उचलली होती. तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत, जोरात नाही, आणि दुसऱ्या हातानं मोटारीला पुढे जायची खूण केलीत. "बस ना गाडीत. आत्ता सुरू होते. रस्त्यात उतरून दुसऱ्याच्या मोटारीत बसली तर लोक म्हणतील शेठची गाडी बंद पडली." बाबुजी, गाडी बंदच पडली होती. लोकांना दिसत होती. भज्यांचा वास येत होता. आणि तुम्ही हात हलवून ती मोटार घालवून दिलीत, आणि आपला ड्रायव्हर म्हणाला, "हाव शेठजी, आत्ता होते सुरू."

संध्याकाळी बैलजोडी लावून गाडी ओढत आणली. दुसऱ्या दिवशी मी रेल्वेनं गेले, आईनं तिच्याजवळचे पैसे दिले होते. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलं की जागा काल दुपारीच दिली, आणि पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करा. पुढच्या वर्षी सौंसर भोपाळच्या राज्यात होतं, नागपूर मुंबईच्या, आणि त्याच ऑफिसच्या खिडकीतून मला सांगितलं गेलं की तुम्ही बाहेरच्या. मी त्या शहराला आयुष्यभर आपलं म्हणत आले होते. मिस्त्रीनं तुमचं इंजिन उघडलं तेव्हा आत गुळाच्या कढईच्या बुडाला चिकटतं तसं काळं डांबर साचलं होतं, तेलाच्या सगळ्या वाटा बंद. जे बरणीत खाली बसत होतं ते आतही बसत होतं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही त्यात बोट घालून पाहिलंत आणि म्हणालात, "कंपनीनं इंजिनच खोटं देल्लं." मला गप्प करायला तुम्ही नंतर शिलाईची मशीन आणून दिलीत. तिच्यात घालायला तेलही दुकानातून स्वतः निवडून, जवसाचं, छान निवळलेलं. ती मशीनही चिकटून बसली, सांगायला नकोच.

मी मास्तरीण झाले, पण फार उशिरा, लग्नानंतर, इकडच्याच परीक्षा देऊन. रामाकोन्यात, मोहगावात मराठी घरांतल्या पोरांना हिंदीतून शिकवत आयुष्य गेलं. वाईट गेलं असं नाही. पण ज्या आयुष्याला मी निघाले होते ते हे नव्हे, आणि ते लोधीखेड्याच्या पुढे तुम्ही हात हलवून पुढे घालवून दिलंत. तुम्ही कधी चुकलो म्हणाला नाहीत. शेवटच्या आजारात मी औषध पाजत होते तेव्हाही तुम्ही बाटली उजेडात धरून पाहिलीत आणि म्हणालात, गढूळ दिसते.

ही सगळी हकीकत मी लेकाला लहानपणापासून सांगत आले. तुमच्या नकलेसकट. तो हसून लोळायचा आणि मला बरं वाटायचं. परवा आम्ही पांढुर्ण्याला पिकअपचं तेल घ्यायला गेलो. त्यानं गाडीच्या पुस्तकात पाहून डिझेलचं, उन्हाळ्यात आणि ओझ्याखाली पातळ न होणारं तेल मागितलं, डब्यावरचा आकडा तपासला, सगळं जसं करायला हवं तसं. दुकानात आणखी दोघं-तिघं होते. बोलता बोलता त्यानं तुमची गोष्ट काढली. बरणी, जीभ, शेंगदाणा तेल, भज्यांचा वास, माझ्याच शब्दांत, माझ्यापेक्षा चांगली. सगळे हसले. दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "पागलच होता म्हणा ना बुढा." माझा लेकही म्हणाला, "पागलच."

मी त्या दुकानदाराला म्हटलं, "ते माझे वडील होते." हसणं थांबलं. लेकाच्या हातातून डबा घेऊन मी टेबलावर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. तो मागून आला, म्हणाला, "आई, तूच तर सांगतेस हे नेहमी." त्याचं बरोबर आहे. तेल न घेताच आम्ही घरी आलो.

हे पत्र कुठं जाणार नाही हे बरंच आहे. मी वर लिहिलंय त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तुम्ही मूर्ख होता, हट्टी होता, आणि माझं नुकसान केलंत. फक्त हे दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही, आणि ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं.