ओकला हात लावू नका

२८ नोव्हेंबर
दिवसभर जळक्या उतारावर. वणव्याला अडीच वर्षं झाली. ओकची खोडं कोळसा झालेली, पण बुडाशी धुमारे कमरेइतके! पाइनचं तसं नाही, ते बियांतूनच येणार. वीस चौकोन आखून पाइनची रोपं मोजली. भरपूर! खुशीत उतरले.

२ डिसेंबर
फिलोगोनियो काका येऊन गेले. गावाच्या जंगल समितीचे प्रमुख. म्हणाले, महिनाअखेर घरटी एक माणूस श्रमदानाला काढू, ओक सगळा साफ करू, पावसात पाइन लावू. पाइनची फळी विकते, ओक नुसता चुलीत जातो. मी म्हटलं, ओकची मुळं माती धरतात, पाइनचं पोर त्याच्याच सावलीत उन्हाळा काढतं. पाइन आपणहून आलंय, मोजलंय मी.
"मग चौदाला सभेत सांग. आणि थोडक्यात सांग, ओतिलिया. मागच्या वेळी लोक जेवून परत आले तरी तू बोलतच होतीस."

९ डिसेंबर
नकाशावर चौकोन मांडले आणि गार पडले. वीसच्या वीस पायवाटेलगत — वाचलेल्या पाइनांच्या खाली! बी तिथेच पडणार. गुडघा दुखत होता म्हणून वर चढले नव्हते. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का?

११ डिसेंबर
वर जाऊन आले. तिथल्या वीस नव्या चौकोनांत रोपं सात. ओक मात्र सगळीकडे. वाहाका शहरातल्या कॉलेजात आम्हाला हीच चूक करू नका म्हणून शिकवलं होतं.
गप्प बसले तर कोणाला कळणार नाही. हा विचार आला, म्हणून लिहून ठेवते.

१४ डिसेंबर
सभा. सगळं सांगितलं, चुकीसकट. कुजबुज झाली. मग लाकूडफाट्याला रोज वर जाणारी बासिलिया आत्या उठली. "वाटेजवळ रोपं जास्त, हे माझ्या गाढवालाही ठाऊक आहे. ही निदान कबूल तरी करते."
हशा! पुढे तिनेच सुचवलं — ओक राखायचा, वरच्या अंगाला त्याच्या सावलीत पाइन लावायचं, बी आपल्याच झाडांचं. सगळे हात वर. नंतर मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तीन तमाले खाल्ले, मिरच्यांच्या मोल सॉससकट. फार बरं वाटलं.

१५ डिसेंबर
सकाळी काका आले, समितीचा शिक्का टेबलावर ठेवला. मी जेवत होते तेव्हा सभेने नवा प्रमुख नेमला म्हणे. जानेवारीपासून तीन वर्षं, बिनपगारी. नाही म्हणायची रीत नाही. या पदावर बाई आजवर बसली नव्हती.
मी चूक केली हे सांगितलं होतं ना, असं विचारलं.
"म्हणून तर," म्हणाले.