आत्या निघाली

ता. ४ मार्च
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
कॉलेजात कॉमर्सच्या जोडीला मी एक मायनर विषय घेतलाय: डोंगरी भागाची संस्कृती आणि पर्यावरण. बाबांनी गॅरेजातूनच होस्टेलवर फोन करून विचारलं, आम्ही धडपडून खाली उतरलो आणि तू परत वर चाललीस का! तू तरी हसू नकोस. तिकडची खबरबात सविस्तर कळव. वर्गात डोंगरावर आत्या असलेली मी एकटीच, त्यामुळे माझा भाव वधारलाय.
तुझी लाडकी (आहे ना अजून?)
चिमणी

ता. १९ मार्च
चि. चिमणीस, अ. उ. आ.
पोट धरून हसले. डोंगर चढून गुडघे माझे गेले आणि मार्क तुला मिळणार! काळ्या शेळीला जुळं झालंय. मागचं दार चौकटीत बसेना. सुताराने रंधा मारला, तरी पुन्हा तेच. पाऊस नाही तरी झरा गढूळ. घरामागची झाडंही खाली कललीत, म्हातारी झाली माझ्यासारखी. तुझ्या बाबाला म्हणावं, तू खाली गेलास तेव्हापासूनचं आपलं भांडण आता विटलं.
माया आहेच, मागावी लागत नाही.
आत्या

ता. २५ मार्च
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी वही उघडली. दार, झरा, झाडं: उतार सरकत असल्याची हीच लक्षणं आम्हाला शिकवलीत. आमच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पावसाआधी घर सोडायलाच हवं. आत्या, खाली ये. मी चुकले तर जन्मभर चिडव.
रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
चिमणी

ता. ३ एप्रिल
चि. चिमणीस, अ. उ. आ.
आईवडिलांनी बांधलेलं घर एका दारापायी सोडू? पुन्हा हा विषय नको. अभ्यास कर, वेळेवर जेव.
आत्या

ता. २० जून
चि. चिमणीस, अ. उ. आ.
हे पत्र तुमच्या घरातून लिहितेय. गेल्या महिन्यात तुझ्या सांगण्यावरून बाबा गॅरेजची गाडी घेऊन वर आला, इतक्या वर्षांनी. वाद घातला नाही. मागचं दार लावून पाहिलं, मग उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, तू येत नसशील तर मीही इथेच राहतो. आमच्या घरात हट्ट सगळ्यांचाच. शेवटी शेळ्या गाडीत चढवल्या. शेजारी म्हणाले, ही निघाली म्हणजे खरंच काहीतरी आहे. माझ्या पाठोपाठ सगळी वस्ती उतरली. परवाच्या पावसात उतार खाली आला. घर गेलं. माणूस एकही गेलं नाही.
सगळे तुझं कौतुक करतात. मीही करते. पण सकाळी खिडकी उघडली की समोर टायरांचा ढीग दिसतो आणि मला तुझाच राग येतो. खोटं कशाला लिहू?
वर डोंगरात, पडलेल्या उताराच्या पलीकडच्या सपाटीवर वस्तीची नवी घरं बांधायचं चाललंय. सगळे म्हणतात, आधी चिमणीला विचारा.
रागासकट तुझीच,
आत्या

ता. २७ जून
ती. आत्यास, सा. न. वि. वि.
मला विचारू नका, असंच लिहिणार होते. इथून निघा हे सांगताना मी घाबरले नव्हते. इथे राहा म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. जमीन बघायला जाणकार माणसं आणते म्हणाल्यात बाई. त्याआधी मला तुझ्याबरोबर ती सपाटी नुसती फिरायची आहे. परीक्षा संपली की निघते. राग असू दे. चढणीवर काढ, मी ऐकत येईन.
तुझी
चिमणी