एकाच्या वर

सोमवार, ३

फुगा फुटला, मी बटण दाबलं आणि आवाज रिकाम्या खोलीत पुरते सहा सेकंद फिरत राहिला. नोकरीचा पहिला दिवस, आणि मला हसू आवरेना. काम सोपं आहे. काँक्रीटच्या बंद खोलीत फुगा फोडायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आवाज शोषणारे नमुन्याचे तक्ते जमिनीवर मांडून पुन्हा फोडायचा. जितका लवकर विरेल तितके गुण जास्त. काचेला जवळजवळ शून्य. उघड्या खिडकीला एक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तक्ते उचलून मांडणाऱ्या गोदामवाल्यांना सगळे भोंगाकाका म्हणतात. दारातून नुसतं ‘या बाई!’ म्हणाले तर यंत्राचा काटा हलला.

बुधवार, ५

राखाडी तक्त्यांना १.०८. पुन्हा मोजलं, तेवढेच. साहेब म्हणाले, कडांमुळे होतं तसं. खिडकीपेक्षा उघडं काही असतं का? एकाच्या वर इथे कुणी लिहीत नाही. मी १.०० लिहिलं.

शुक्रवार, ७

तेच तक्ते, आज १.३१. लिहिलं १.००.

तपासून झालेला माल भंगारात जातो, म्हणून सहा तक्ते मागून घेतले. भोंगाकाकांनी स्कूटरला बांधून दिले. घसा बसलाय त्यांचा. बायकोचा नवस फळला असणार, म्हणाले. माझा नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपतो आणि आमची तीन वर्षांची टिमकी घर डोक्यावर घेते. त्याच्या खोलीच्या मधल्या भिंतीला तक्ते ठोकले.

रविवार, ९

नवरा सलग सात तास झोपला. तुझ्या नोकरीने पांग फेडले, म्हणाला. टिमकी दिवसभर तक्त्याला तोंड लावून बडबडते. ओठांना गुदगुल्या होतात म्हणे.

मंगळवार, ११

भोंगाकाका दारात उभे. तोंड हलत होतं. मला थट्टा वाटली. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. खाली दुसरी ओळ: घरचे तक्ते काढा.

खोलीत उरलेले तक्ते होते. फुगा फोडला. रबराच्या चिंध्या पडल्या. आवाज—

घरी धावले. सहाही उपसले, गल्लीच्या टोकाला टाकून आले. टिमकीला उठवलं, बोल म्हटलं. ‘आई’ म्हणाली. अगदी बारीक. सर्दी असेल. सर्दीच—

साहेबांना सांगायला हवं. पण दोन्ही अहवालांवर सही माझी. दोन्ही ठिकाणी १.००.

बुधवार, १२

सकाळी मी ओट्यापाशी भांडी घासत होते. घर शांत होतं. वळले तर टिमकी स्टुलावरून पडलेली, कपाळ फुटलेलं, तोंड रडताना उघडतं तसं पूर्ण उघडं. हनुवटीवरचं रक्त वाळलं होतं.

तिला उचलून आतल्या खोलीत धावले, नवऱ्याला हाक मारली. तो हाताच्या अंतरावर झोपला होता. त्याने कूससुद्धा बदलली नाही. मी पुन्हा, जिवाच्या आकांताने—