निळ्या दोऱ्याचा पियाला

अक-तेरेक, १८ मार्च

प्रिय बुरुल एजे,

“कुणी विचारलं तर थंडी बाधलीये म्हण.” आई खोकायला लागली तेव्हा मला दारात उभं करून तू हे सांगितलं होतंस. मी धाकटी, नऊ वर्षांची होते, तू थोरली, सतराची. मी सगळ्यांना तसंच सांगत राहिले.

आम्ही बरे आहोत. घोडीला शिंगरू झालं, कपाळावर पांढरा ठिपका आहे. तू आणि तुझी नात कशा आहात? बिश्केकमधला बर्फ एव्हाना वितळला असेल.

एजे, मला क्षय झाला होता आणि सहा महिने न चुकता गोळ्या घेऊन मी बरी झाले, हे घराबाहेर फक्त तुला आणि दवाखान्यातल्या साकिश नर्सला माहीत होतं. आता अख्ख्या गावाला माहीत आहे. गेल्या महिन्यात बायकांची भिशी माझ्याकडे होती, तेव्हा मीच सांगितलं.

चहा मीच ओतत होते. बोलून झालं आणि पुन्हा भरून घ्यायला कुणाचाच पियाला माझ्याकडे परत येईना. पंधराजणी आपापल्या पियाल्याच्या तळाशी बघत बसल्या. मग म्हाताऱ्या बातमा आपांनी त्यांचा पियाला पुढे सरकवला.

“ओत की. अर्धाच भर हं. काठोकाठ भरून ‘आता ऊठ’ म्हणत मला घरी पाठवायचा बेत असेल तर अजून मटण खायचं राहिलंय.”

सगळ्या हसल्या, आणि पियाले येत राहिले. मी ओतत राहिले, एक थेंब सांडला नाही.

मग मी त्यांना आईच्या पियाल्याबद्दल सांगितलं, बुडाशी निळा दोरा बांधलेल्या. तो आपण वेगळा ठेवला, आणि तिला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींवर कागद चिकटवले. घरातले पाचहीजण त्याच खोलीत झोपत होतो. आजार पियाल्यातून येत नाही, खोकल्यातून हवेत जातो. खिडकी उघडी हवी होती आणि औषध हवं होतं. आपण मात्र दुधातून चरबी पाजत राहिलो, आणि आई शेवटपर्यंत आपल्याकडे पाठ करून चहा प्यायली.

दोरा तू बांधलास हे मी सांगितलं नाही. आपल्याला तरी कुणी काय सांगितलं होतं?

पुढच्या आठवड्यात नऊजणी थुंकी तपासायला गेल्या. एकीला निघाला, जिपारला. तिच्या गोळ्या सुरू झाल्या, घरातल्या सगळ्यांची तपासणीही झाली. परवा तिच्या सासूने मला रस्त्यात गाठलं. “खिडकी उघडी ठेवायला सांगून बसलीस. माझं सरपण दुप्पट जळतंय, ते कोण आणून देणार?” असा टोमणा ऐकून कुणाला आनंद झाला असेल का? मला झाला. घरी येईपर्यंत मी हसत होते. हे सांगायला आई हवी होती, असं वाटलं.

एवढं सगळं लिहिलं, कारण एक गोष्ट लिहायची टाळत होते.

तू पाठवलेला आवाजी निरोप मी तीनदा ऐकला. बोलताना चारदा थांबलीस आणि तोंड फिरवून खोकलीस. हा खोकला नोव्हेंबरपासूनचा आहे. फोनवर विचारलं की तुला दारावर कुणीतरी आल्याचं आठवतं. नात तुझ्याच कुशीत झोपते ना?

टॅक्सीवाल्याबरोबर हे पत्र पाठवते आहे, सोबत वाळवलेले जर्दाळू आणि आईचा पियाला. दोरा मी कापून टाकलाय. तो तुझ्या रोजच्या पियाल्यांत ठेव.

आणि सोमवारी दवाखान्यात जा. तू जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी विनवते. वाटेत कुणी विचारलं तर थंडी बाधलीये म्हण हवं तर. आत गेल्यावर मात्र खरं सांग.

तुझ्या हातचा चहा प्यायला येणारी,
उमसुनाय