काळं पायपुसणं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! पाठीवर एकच पिशवी, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तरी चौथ्या मजल्यापर्यंत गाणं म्हणत चढले. लिफ्ट आहे हे वर पोचल्यावर कळलं. माझं असंच असतं.

काम असं की, एका बाईंना सांभाळायचं. बाई म्हणजे खऱ्याखुऱ्या बाई, पोहायला शिकवणाऱ्या. जन्म तरणतलावाच्या काठावर गेला, निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललंय म्हणे. आता अल्झायमर आहे. हा शब्द मी एका दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता, तिथे फरशी पुसायचे तेव्हा. (तिथून का निघाले ते नंतर लिहीन. मुख्याध्यापकासारख्या मिशा असलेला एक कंपाउंडर होता, त्याचंही लिहायचंय.)

मला ठेवून घेतलं ते त्यांच्या मुलीने. तिचं चष्म्याचं दुकान आहे, राहते पलीकडच्या रस्त्याला. पहिल्याच वाक्यात म्हणाली, मला ताई म्हण, मॅडम म्हणालीस तर मी वळूनसुद्धा बघणार नाही. मग घर दाखवलं. आरशांवर चादरी, कारण बाईंना आत कुणी परकी म्हातारी दिसते आणि त्या तिला हाकलायला जातात. संडासाच्या दारावर संडासाचं चित्र. ताट लालभडक, कारण पांढऱ्या ताटातला पांढरा भात त्यांना दिसत नाही, आणि मग लोक म्हणतात म्हातारी हट्टी झाली, जेवत नाही. ताई म्हणाली, डोळे ठणठणीत आहेत, मीच तपासते. पण डोळ्यांनी आणून दिलेलं सामान मेंदू उघडतच नाही. हे मला फार आवडलं.

आणि बाहेरच्या दाराच्या आत, हातभर रुंद, एक काळंकुट्ट जाड पायपुसणं. त्यावरच पाय देऊन मी आत आले होते. या आजारात काळी जमीन म्हणजे खड्डा वाटतो, असं ताईने समजावलं. बाई त्यावर पाऊल टाकत नाहीत, म्हणून बाहेर जात नाहीत. मागे एकदा गेल्या होत्या. दुपारभर पत्ता नाही, शेवटी बंद पडलेल्या तलावाच्या फाटकाशी सापडल्या, अनवाणी, पोहायच्या कपड्यांत, शिट्टी वाजवत. तेव्हापासून हे पायपुसणं. कुलूप लावलं तर दार बडवतात, हे शांतपणे काम करतं.

ताईचा नियम एकच. बाई म्हणतील त्याला हो म्हणायचं, वाद घालायचा नाही. एवढंच ना? हो म्हणायला माझं काय जातंय!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बाई उंच आहेत, खांदे अजून दारात न मावणारे. गळ्यात शिट्टी. मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, पोहता येतं का. नाही म्हटलं. मग तू दगड, म्हणाल्या. दिवसभरात हाच प्रश्न किती वेळा आला देव जाणे. एकदा गंमत म्हणून येतं म्हटलं, तर माझे दंड चाचपून म्हणाल्या, थापा मारू नकोस, दगडा. तोंडावर पकडली!

आंघोळीला मात्र नाकी नऊ आले. डोक्यावर पाणी पडलं की किंचाळतात, हात उगारतात. ताई म्हणाली होती की तो राग नसतो, भीती असते, आपल्याला आधी राग दिसतो इतकंच. मग मला सुचलं. म्हटलं, बाई, तलावात उतरायच्या आधी अंग ओलं करायचा नियम आहे ना? तर स्वतःच्या हाताने तांब्या उचलला, वर मलाही भिजवलं. दोघी खिदळत होतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऊन उतरायला लागलं की बाई अस्वस्थ होतात. वर्ग आहे, मुलं वाट बघतायत, म्हणत दाराकडे निघतात. आज पायपुसण्यापाशी थबकल्या, माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, इथे खोल आहे का. नियम आठवला. म्हटलं, हो बाई, खोल आहे, फार खोल. त्या मुकाट्याने मागे फिरल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. ताईला सांगितलं तर खूश झाली, तू हुशार आहेस म्हणाली. मला असं कुणी शाळेतही म्हटलं नव्हतं. अर्थात शाळेत मी होते कधी!

चपला ठेवायच्या मांडणीत एक निळी जोडी आहे, माझ्याच मापाची. माझ्या आधी कामाला होती त्या मुलीची. ताई म्हणते, ती न सांगता गेली, आजकालच्या मुलींना टिकायला नको. अनवाणी गेली? मीही एकदा पळाले होते अनवाणी, पण तिथे कुत्रं मागे लागलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

ताई आली. ती दारातून कशी येते ते आज नीट पाहिलं. पाठ भिंतीला चिकटवून, तिरकी, पायपुसण्याच्या कडेकडेने, एक पाय मग दुसरा. अरुंद कठड्यावरून चालल्यासारखी. मी विचारलं, अशी का. म्हणाली, उगाच घाण कशाला करायची.

पायपुसणं घाण होऊ नये म्हणून जपणारी पहिलीच बाई भेटली मला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी तोच प्रश्न, रोज माझं तेच उत्तर. मला तिखटमीठ लावायची खोड. कधी म्हणते, परवाच एक बादली पडली, आवाजसुद्धा आला नाही. कधी म्हणते, तळ नाहीच बाई त्याला. त्या थरथरतात आणि मागे फिरतात. काम होतं. काय घडलं ते विसरतात, पण भेदरलेल्याच राहतात. हे मला माहीत नव्हतं. गोष्ट पुसली जाते आणि तिची भीती मागे उरते.

आज तिथे झाडताना खिशातला चमचा पडला. आवाज आला नाही.

जाड आहे म्हणून, म्हटलं. उचलायला वाकले तर चमचा नव्हता. कपाळाला खालून गार वारा लागला.

रविवार, १६ नोव्हेंबर

कडेला आता जागाच नाही. काळं दोन्ही भिंतींना टेकलंय. मांडणीचा पुढचा पाय अधांतरी आहे, तरी ती उभी आहे. मी तिला हात लावत नाही.

ताई आत आली नाही. बाहेर उभी राहून हात लांब करून पिशवी दिली. मी सगळं सांगितलं, चमचा, वारा, मांडणी. म्हटलं, ताई, हे वाढतंय, मला भीती वाटते, मला आणि बाईंना बाहेर काढ. ती म्हणाली, हो. हो गं. असेल खोल. हो, वाढत असेल, तू शांत हो, काही खाल्लंस का?

ती गेल्यावर कळलं. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. मी रोज याच सुरात बोलते.

ती माझ्याशी वाद घालत नव्हती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

फोन गेला. दाराशी उभी राहून ताईला लावत होते, घामाने हातातून सटकला. कान देऊन बसले. अजून पडतोच आहे बहुतेक.

खिडक्यांना गज आहेत. ओरडले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वर बघितलं आणि प्रेमाने हात हलवला. चौथ्या मजल्यावरची म्हातारी ओरडते हे सगळ्यांना माहीत आहे.

निळ्या चपलांचं आता कळलं, ती मुलगी दाराबाहेर गेलीच नसणार. तीही हो म्हणत असणार. तिला वाटलं असेल बाईंना फसवतोय. आम्ही फसवत नव्हतो, खणत होतो. एक एक हो म्हणजे एक एक कुदळ. ताईने सुरुवात केली, तिने वाढवलं, आणि मी, तिखटमीठ लावणारी, मी तळच काढून टाकला.

शनिवार, २२

सकाळी ते सापडेना, ज्याने पाव कापतात ते. हातातच होतं. त्याला काय म्हणतात ते सापडत नव्हतं.

मीही लाल ताटात जेवते. पांढऱ्यात काही दिसत नाही.

आरशावरची चादर सरकली. आत एक मुलगी. केस विस्कटलेले. मी तिला म्हटलं, बाहेर हो —

बाईंनी येऊन चादर नीट केली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, मलाही ती आवडत नाही.

बहुतेक सोमवार

काळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलंय.

माझी आई — तिचा आवाज कसा होता? खोकायची. खोकल्याच्या आधी काय म्हणायची?

लिहिते आहे म्हणून आहे. पान उलटलं की मागचं कुणी दुसरीनेच लिहिलेलं वाटतं. तो मिशांवाला कोण?

सकाळ

नाही. नाही म्हणजे नाही.

इतक्या गावांतून निघाले, कुणाला धरू दिलं नाही, आणि आता एका पायपुसण्याला भिऊन कोपऱ्यात बसू? माझा अख्खा जन्म दाराबाहेर गेलाय! आणि या बाई. निम्म्या गावाची भीती घालवली त्यांनी, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांनाच रोज भीती भरवली, लाल ताटात वाढून. वर म्हणायचं, सांभाळतोय.

रात्रभर चिडून बसले होते. चिडल्यावर शब्द परत येतात. सुरी! सुरी म्हणतात त्याला.

हो म्हणायचं होतं ते त्यांच्या दुःखाला, त्यांच्या घाईला, मुलं वाट बघतायत त्याला. भीतीला हो म्हणायला कुणी सांगितलं होतं? ताईचा नियम चुकला नव्हता. आम्ही तो चुकीच्या जागी लावला.

बोलून खणता येतं, तर बोलून भरताही येईल. बघूच.

त्याच दिवशी, ऊन उतरताना

बाई उठल्या. काठाशी आल्या. हात धरला. इथे खोल आहे का?

म्हटलं, खोल आहे बाई. पण पाणी आहे. तुमचा तलाव आहे हा.

बाईंनी नाक वर करून वास घेतला, आणि मलाही आला — तलावातल्या औषधाचा, डोळ्यांना झोंबणारा. कधी तलावात न गेलेल्या मला!

म्हणाल्या, आज पाणी कमी आहे. मुलांना सोडू नका.

मागे फिरल्या. पण घाबरून नाही. तपासणी केल्यासारख्या.

दुसरी सकाळ

ताईने दार उघडलं. उजेड आला, तिचा चेहरा पलीकडे. म्हटलं, ताई, पाणी भरतंय. हो, म्हणाली. मी ओरडले, हो म्हणू नकोस! भांड माझ्याशी! वेडी म्हण!

ती रडायला लागली. म्हणाली, मलाही दिसतं गं. पहिल्या दिवसापासून दिसतं. आई पुन्हा हरवेल म्हणून मी —

दार उघडं टाक, म्हटलं. आणि तलाव म्हण. तिकडून म्हणत राहा.

दार उघडं आहे. ती जिन्यात बसून म्हणतेय. ऐकू येतंय.

अजून सकाळच

काळं खोलीभर. आम्ही पलंगावर. पाणी चढतंय, आवाज येतो, चुबुक, चुबुक. दिसत नाही. काळ्यात काळं.

ते मला हाक मारतंय. माझ्या नावाने. माझं नाव — ते त्याला माहीत आहे, मला आठवत नाही. खाली ये, मग नाव देईन, म्हणतंय.

नकोय! ठेव तुझ्याकडे. मला एक नाव आहे. दगड.

आता

बाईंनी पोहायचे कपडे शोधून घातले. कुठले ते बरोबर सापडले. खांदे मागे. इतके दिवस या बाई कुठे होत्या?

मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाल्या, कुणालाच येत नसतं. माझा हात धर, पाय आधी, डोळे उघडे.

म्हटलं, तळ नाही तिथे, मीच काढला. म्हणाल्या, तळाशी काम काय तुझं? पलीकडचा काठ बघ.

काठ दिसतोय. ताईचे पाय. तलाव, तलाव, तलाव — घसा बसलाय तिचा.

चपला हातात घेतल्यात. पलीकडे चालायचंय मला. निळ्याही घेतल्या. भेटलीच खाली तर —

ते पुन्हा नावाने हाक मारतंय. जोरात.

भिते आहे. तरी जाणार. दोन्ही खरं.

बाई म्हणतात, दगडा, वही खोच कमरेला, शिट्टी झाली की —

शिट्