कुंपण की बेट

३ मार्च, सोमवार

ड्रॅगनवाला खेळ बाद! आठ किलोचा खोका, दीडशे प्लास्टिकच्या बाहुल्या, आणि त्या ड्रॅगनचे वरचे दात खालच्यांवर बसतच नाहीत. दिवसभर लोकांच्या कवळ्या जुळवायच्या आणि घरी येऊन हे बघायचं? बारकी म्हणाली, "आई, तो आग ओकतो. त्याला चावायची गरजच नाही." तरी बाद.

वर्षाला एकच बैठा खेळ घ्यायचा, हा आमचा नियम. तोही दुकानातला नाही, अजून बनलेलाच नाही असा. कुणीतरी घरी बसून खेळ रचतो, इंटरनेटवर मोहीम काढतो, आमच्यासारखे हौशी लोक आगाऊ पैसे भरतात. पुरेसे जमले की कारखान्यात जातो आणि वर्ष-दीड वर्षानं खोका दारात. ताई याला 'बाजारात तुरी' म्हणते. म्हणू दे. तिच्या घरी जेवताना टीव्ही बोलतो, माझ्या घरी माणसं बोलतात. दोनच आहेत, पण बोलतात.

५ मार्च, बुधवार

डॉक्टरांकडून तीच खालची कवळी पुन्हा परत. "आजोबांना टोचतंय म्हणतात." आजोबांना घरातलं सगळंच टोचतं, असं त्यांची सून म्हणते. घासून दिली. घरी यायला उशीर. खेळ बघितले नाहीत.

८ मार्च, शनिवार

यादी पाचावरून दोनावर आणली. जादूगारांचा खेळ गेला — चित्रं अशी की बघत राहावं, पण नियम वाचायला घेतले तर सगळा फाशांचा कारभार. दुरून डोंगर साजरे. आगगाड्यांचाही गेला, कारण बनवणारी मंडळी तीच, ज्यांनी मागे आम्हाला निम्म्या सोंगट्या पाठवल्याच नव्हत्या. त्या खेळात आम्ही अजून जुन्या कोटाची बटणं घालून खेळतो. पदरी पडलं पवित्र झालं. पण दुसऱ्यांदा नाही.

राहिले दोन.

एक कुंपण. दोन शेजारी, दोन बागा, मधे एकच हिरवं कुंपण. ते तुझ्या बाजूला सरकलं की माझी बाग वाढते. रोज एक छोटा डाव, आणि बाग दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. असं सहा महिने चालतं! बरोब्बर दोघांचा. एकट्याला येत नाही, तिसऱ्याला जागा नाही.

दुसरा बेट. एक बाई एका बेटावर उतरते आणि तिथल्या झाडांची नोंद करते. एकटीनं खेळायचा.

कुंपण मी निवडला. बेट बारकीनं. मी म्हटलं, एकटीनं कसलं खेळायचं, मग पुस्तक काय वाईट? ती म्हणाली, "तुला आवडेल गं. तुझं काम असतं तसंच आहे. एक एक बारीक बघायचं." कळलं मला, बेट कुणासाठी निवडलाय ते.

९ मार्च, रविवार

दोन्ही खेळ येणार पुढच्या वर्षी ऑक्टोबरात. बारकी जाणार या ऑगस्टमध्ये. गेली तर.

जुन्या चित्रांची डागडुजी शिकवणारी संस्था आहे. बारा जागा, आणि त्यातली एक आमच्या बारकीला! तिनं परीक्षेत कुणाच्या तरी पणजोबांच्या चित्रावरचा काजळीचा थर असा काढला की मिशी जशीच्या तशी राहिली. परीक्षक म्हणाले, हात कुठे तयार झाला? तिनं सांगितलं, आई कवळ्या बनवते, लहानपणापासून मेण कोरतेय. तीन वर्षांचं शिक्षण. गाडीनं एक रात्र आणि एक दिवस लांब. सुट्टी वर्षातून एकदा. वीस तारखेपर्यंत हो कळवायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

मला ती जायला नको आहे. इथे लिहून टाकलं. तिला सांगणार नाही. तिला मी रोज जा म्हणते.

१२ मार्च, बुधवार

ताईचा फोन. "पोरीला अडवू नकोस हं."

मी कुठे अडवतेय? अर्ज मी भरायला लावला. परीक्षेला मी घेऊन गेले, परतीच्या गाडीत कंबर मोडेपर्यंत बसले. ताई म्हणे, "तोंडानं नाही अडवत तू. तुझं तोंड मला माहीत आहे, त्याच्यावर कधी काही येत नाही." थोरलीपण गाजवायला हिला फोनही पुरतो. ठेवून दिला. मग दिवसभर तिचंच वाक्य डोक्यात. एका कवळीत दोन सुळे एकाच बाजूला बसवले, ते काढून परत केले.

१५ मार्च, शनिवार

आज उलटी वकिली झाली.

ही बारकीच्या बाबांनी काढलेली पद्धत. दोघांचं खेळावर एकमत झालं नाही की आपापल्या खेळासाठी भांडायचं नाही. मी निवडलेल्याची बाजू तू मांड, तू निवडलेल्याची मी. जिची वकिली जास्त पटेल, तिनं मांडलेला खेळ घ्यायचा. म्हणजे आपला खेळ यायला हवा असेल तर समोरच्याच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेवायचा. ते गेल्यावरही आम्ही मायलेकींनी पद्धत मोडली नाही. अनेकदा अशानंच आमचं मत बदललंय. दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला लागलं की काहीतरी होतं.

आधी मी, बेटाच्या बाजूनं. काय बोलले? चित्रं बरी आहेत. खोका लहान आहे, कपाटात मावेल. संपलं. बारकी म्हणाली, "बस? मागच्या वर्षी तू माझ्या पाणबुडीच्या खेळासाठी अर्धा तास बोलली होतीस." म्हटलं, दमलेय.

दमले नव्हते. बेटाचे नियम मला तोंडपाठ आहेत. छान खेळ आहे, अर्धा तास सहज बोलले असते. मला तो घरात नको होता, बस.

मग ती उभी राहिली, खरोखर खुर्ची मागे सारून. म्हणाली, कुंपण हा जिंकण्याचा खेळ नाहीच. रोज संध्याकाळी समोर कुणीतरी येऊन बसणार आहे, याचा खेळ आहे. एका दिवसाचा डाव चुकला तरी दोन्ही बागा सुकतात, ते नियमातच आहे. म्हणाली, "शेजारी हरला तरी चालतो, शेजारी गेला तर खेळच उरत नाही." आणि बोलता बोलता थांबली. मला वाटलं मुद्दे संपले.

मी म्हटलं, पटलं बाई, कुंपण. ती म्हणाली, "हो. कुंपणच."

१६ मार्च, रविवार

पैसे भरले. मोहिमेचं पान हिरवं झालं, धन्यवाद आले.

खेळ येईल तेव्हा ती तिकडे असेल, मला कळत नाही का? सुट्टीत येईल तेव्हा मांडू. रोजचा डाव जमेना का, बागा सुकल्या तर सुकल्या. आणि नाहीच जमलं तर कपाटात राहील. लोकांच्या कपाटांत काय काय पडून असतं. तरी मन लागेना म्हणून भांडी दोनदा धुतली.

१८ मार्च, मंगळवार

आजोबांची कवळी बसली! डॉक्टर म्हणाले, "जादू केलीत." कसली जादू, अख्खी नव्यानं केली. सून म्हणे आता नव्यानं टोचायला काय शोधतात बघू.

जेवताना बारकीनं विचारलं, "कुंपण आठवड्यातून एकदा खेळला तर?" मी म्हटलं, छे, रोज खेळण्यातच त्याची मजा आहे. खेळाबद्दल बोलत होते मी. खेळाबद्दलच. ती मान हलवून उठली. हाक मारावी असं वाटलं, आणि मी ताटं उचलायला घेतली.

संस्थेला कळवलंस का, हेही विचारायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही. विचारलं नाही.

२० मार्च, गुरुवार

बारकीनं सकाळी संस्थेला नकार कळवला. इथल्याच कॉलेजात जाणार. का गं, म्हटलं, तर डब्याचं झाकण लावत म्हणाली, "शनिवारी तुझी बाजू मांडता मांडता मलाच पटली."

मी रागावायला हवं होतं. मला बरं वाटलं. सकाळभर बरं वाटत होतं, साच्यात मेण ओततानाही. नकार मागे घ्यायला संस्थेला फोन केला तो दुपारी. तिथल्या बाई म्हणाल्या, जरा आधी केला असतात तर. जागा आत्ताच पुढच्या मुलीला दिली.